रडण्याचा शॉट

वर्ध्यात एक काळ असा होता की बिदाईच्या वेळी नवरीच्या आईला माझ्याइतकं हमखास कोणी रडवू शकत नव्हतं. आज हे सांगताना मान खाली जाते, पण तेव्हा मी ते छाती फुगवून सांगायचो. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्याच गाळ्याचा अर्धा भाग पार्टिशन घालून त्यांनी मला दिला आणि मी तिथे फोटो स्टुडिओ आणि लग्नाच्या शूटिंगचा धंदा सुरू केला. खांद्यावर ठेवायचा बोजड कॅमेरा, हातात हॅलोजन आणि मागे फरपटणारी वायर. अर्ध्या मांडवाला त्या वायरीत अडकवून पाडण्याचं पुण्य माझ्या नावावर आहे.

लग्नाची कॅसेट चांगली झाली की वाईट, हे लोक एकाच गोष्टीवरून ठरवत. हार घालतानाचा सीन कसाही येवो, पंगत अंधारात गेली तरी चालेल, पण बिदाईत आई रडली पाहिजे. नाही रडली तर कॅसेट पाहून झाल्यावर म्हणत, "मजा नाई आली भाऊ." आता गंमत अशी की पहाटे चारपासून उभी असलेली बाई संध्याकाळपर्यंत इतकी थकलेली असते की तिला रडायचंही त्राण नसतं. पोरगी गाडीत बसत असते आणि आई कोठीच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते शोधत असते. अशा वेळी मी बॅटरी बदलण्याच्या निमित्ताने तिच्याजवळ जायचो आणि हळूच विचारायचो, "काकू, उद्या सकाळी चहा कोण मांडणार?"

बस, एवढंच. मग मी दोन पावलं मागे यायचो आणि बटण दाबायचो. एकही काकू कोरड्या डोळ्यांनी उरली नाही.

कारगिलची लढाई झाली त्या वर्षी, पावसाळ्याच्या मधल्या उघडिपीत, एक जीप आमच्या दुकानासमोर थांबली. दिल्लीहून आलेले तिघे होते. जवानांच्या जगण्यावर ते माहितीपट करत होते. वर डोंगरावरचं शूटिंग झालं होतं आणि आता त्यांना जवानांची घरं घ्यायची होती. नागपूरच्या हायवेवरच्या जाम गावापलीकडे एका खेड्यात एका जवानाचं घर होतं. त्यांचा दिवा रस्त्यात फुटला होता, आणि वऱ्हाडी बोली त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती. कोणीतरी त्यांना सांगितलं की एका माणसाकडे दिवाही आहे आणि तोंडही आहे. मी शटर ओढलं आणि जीपमध्ये बसलो.

त्यांचे मुख्य साहेब पन्नाशीचे असतील. ते स्वतः पूर्वी फौजेत होते. त्यांच्या नाकाचा शेंडा काळवंडला होता आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सोलल्यासारखी झाली होती. थंडीने, असं त्यांनी सांगितलं, तेही मी टक लावून बघतोय हे पाहून. मला वाटलं होतं लढाईचा सिनेमा म्हणजे धडाडधूम असणार. मी तसं विचारलंही. ते हसले आणि म्हणाले, "गोली तो पल भर की होती है. बाकी दिन भर आदमी मोज़े सुखाता है." त्यांनी बर्फ वितळवून चहा करणारे जवान घेतले होते. फुटक्या आरशात दाढी करणारे, मोज्याला रफू करणारे आणि टपालाची वाट बघणारे घेतले होते. जामच्या रस्त्यावर त्या जीपमध्ये मला तो माणूस एकदम आपल्यातला वाटला. मीही आयुष्यभर तेच करत होतो. विधी सगळेच घेतात, पण विधीच्या मधल्या वेळेतली माणसं घ्यायला मला आवडायची.

घर आलं तशी एक बाई ओसरीवर आली. तिने आधी माझ्या हातातल्या हॅलोजनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तू तोच ना, लाइटवाला? आमच्या पोरीच्या लग्नात मांडवाचं कापड जाळलं होतं तुनं."

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी याच अंगणात मी तिच्या मुलीचं लग्न शूट केलं होतं. हॅलोजन जरा जास्त जवळ गेला होता. पोरगी बालाघाटकडे दिली होती. पण तिचा भाऊ फौजेत आहे हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

साहेबांनी बॅगेतून एक लहानसा टीव्ही काढला आणि त्यावर वर डोंगरात घेतलेलं थोडं शूटिंग काकूंना दाखवलं. काकूंचे यजमान डवरणी सोडून शेतातून आले होते. ते चिखलाचे पाय घेऊन दारातच उभे राहून पाहू लागले. पडद्यावर काकूंचा लेक एका दगडाला टेकून पाकीट फोडतो, पत्र वाचतो आणि हसतो. त्याच्या खांद्यावरून दुसरा एक जवान डोकावतो आणि तोंड भरून हसतो. त्या पोराचे पुढचे दोन दात फाकलेले होते, त्यामुळे त्याचं हसू फारच मोकळं वाटायचं.

मी काकूंच्या तोंडाकडे पाहत होतो. ती सवयच असते आमची. आता बांध फुटणार असं मला वाटलं. काकू पडद्याच्या आणखी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "स्वेटर उलटं घातलं यानं."

मग म्हणाल्या, "पत्र कोनाचं हाय? या महिन्यात तं आम्ही धाडलंच नाई."

मी साहेबांना विचारलं. ते जरा ओशाळले. पाकिटात कोरा कागद होता. टपाल आठ दिवस आलंच नव्हतं आणि त्यांना पत्र वाचतानाचा शॉट हवा होता, म्हणून तसं करून घेतलं होतं. मी ते काकूंना सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "कोऱ्या कागदाले पाहून इतका हासला?" एवढंच म्हणाल्या. मग फाकलेल्या दातांच्या पोरावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् हा कोन व्हय? याच्यापायीच हासून राह्यला तो. साहेबाले सांग, निरोप द्या मनाव. सुट्टीत येशीन तं याले संग घेऊन येजो. जेवाले."

मी निरोप सांगितला. साहेबांनी मान हलवली आणि टीव्ही बंद केला. तो त्यांनी जरा घाईनेच बंद केला, हे मला दिसलं. बॅटरी वाचवत असतील असं मला वाटलं.

आता त्यांना काकूंचा शॉट हवा होता. घरात एकटी बसलेली आई, हाताला काम, मन लेकापाशी. चुलीच्या समोरच्या भिंतीशी उजेड चांगला पडत होता. साहेब म्हणाले, कांदा चिरायला बसवा, हात हलता राहील.

"कांदा मी चिरत नाई," काकू म्हणाल्या.

"काऊन?"

"लेक वर गेला तवापासून चिरत नाई. माह्यी जाऊ चिरून देते. तो पह्यल्यांदा टरेनिंगले गेलता, तवा बी नऊ महिने चिरला नवता." मग त्या मला समजावून सांगावं तशा म्हणाल्या, "जित्या लेकराच्या नावानं डोयातून पानी नाई काढाचं, भाऊ. कांद्याचं असो का कायचं असो. पडलेलं पानी त्याच्याच नावानं जाते ना."

इथे माझी चूक झाली, आणि ती मी आजवर स्वतःलाही नीट माफ केलेली नाही. हे सगळं मी साहेबांना सांगितलंच नाही. दिल्लीच्या माणसापुढे आपल्याकडच्या बाईचं हे काय सांगत बसायचं, असं मला वाटलं. मी फक्त म्हणालो, "कांदा नको म्हणतात, सुपात तुरीची डाळ देतो निवडायला." साहेबांना डाळ चालली.

शूटिंग सुरू झालं. काकू डाळ निवडत होत्या. चेहरा शांत होता, हात भराभर चालत होते. त्यांच्याकडे पाहून कोणालाही वाटलं असतं की या बाईला आज डाळ निवडण्यापलीकडे काही काळजी नाही. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, डोळ्यांत थोडं पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही आलं तर राहू द्या, ज़बरदस्ती नहीं.

राहू द्या म्हणाले होते. ते स्वतः म्हणाले होते. पण समोर दिल्लीचा कॅमेरा होता, दिल्लीचा माणूस होता, आणि मला माझी कला दाखवायची होती. मी "एक मिनट" म्हणून पुढे गेलो, दिव्याचा कोन बदलल्यासारखं केलं, आणि खाली वाकून विचारलं, "काकू, पोरीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कोणी मांडला होता?"

त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी चुलीकडे पाहिलं. आधी हनुवटी हलली आणि मग डोळे भरून गालावरून सरळ पाणी आलं. आवाज अजिबात नाही. डाळीवर दोन थेंब पडले तेही कॅमेऱ्यात आले. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच दाबला. मला तेव्हा जे वाटलं त्याला आनंद म्हणायचं तर म्हणावं लागेल.

शॉट संपल्यावर काकूंनी पदराने तोंड पुसलं. "तुनं मले ते काऊन विचारलं?" त्या म्हणाल्या.

"असंच काकू."

त्यांनी उठून आम्हा सगळ्यांसाठी चहा मांडला.

महिन्याभराने माहितीपट टीव्हीवर लागला. मी आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी दुकानात गर्दी जमली. दाढी करणारे जवान आले, मोजे आले, कोरं पत्र आलं, फाकलेल्या दातांचं हसू आलं. आणि त्याला जोडूनच काकूंचा चेहरा. लेक पत्र वाचून हसतो, आणि इकडे आई रडते. जड आवाजात हिंदीत कोणीतरी सांगत होतं की या आईच्या डोळ्यांतलं पाणी लेकाची वाट बघताना खळत नाही. शेजारचा किराणावाला डोळे पुसत होता. "तुमच्या पोरानं केलं हे," असं कोणी वडिलांना म्हणालं आणि वडिलांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी वर पाहत होतो तो पंख्याकडे. खळत नाही म्हणे. काकूंनी चार महिने एक थेंब सांडू दिला नव्हता. मी सांडवला होता, आणि तोही दुसऱ्याच लेकराचा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी काकू एसटीने वर्ध्याला आल्या आणि थेट माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गावातल्या बाया त्यांचं कौतुक करत होत्या. लेकासाठी किती रडली, असं म्हणत होत्या. त्यातली एकही वाईट बोलली नव्हती.

"त्या पिक्चरच्या बादमंदी त्याचं एक बी पत्र नाई आलं," काकू म्हणाल्या. "लढाई तं सरली मंतेत. मंग पत्र काऊन नाई?"

मी म्हणालो वर बर्फ पडायला लागला असेल, टपाल अडकलं असेल. हे मी पेपरात वाचलं होतं.

"मी पोरीसाठी रडली," त्या म्हणाल्या. "मले माहीत हाय, तुले माहीत हाय. पन टीव्हीत तं त्याच्या नावावर मांडलं ना. देवाले समजन का, कोनाचं होतं ते?"

मी कपड्याने लेन्स पुसत होतो. ती आधीच स्वच्छ होती. "समजते काकू," मी म्हणालो. कशाच्या बळावर म्हणालो कोण जाणे.

त्यांनी फळीवरच्या कॅसेटींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू लग्नाच्या कॅशेटीतून मानसं काढत असते ना? आमच्या भाच्याच्या कॅशेटीतून त्याच्या साडूले काढलं होतं तुनं, भांडन झाल्यावर. तसं हे काढता येत नाई का?"

मी साडू काढायचो हे खरं होतं. लग्नानंतर वर्षभरात भाऊबंदकी झाली की लोक कॅसेट घेऊन यायचे आणि अमक्याला काढा म्हणायचे. मी त्या माणसावर फुलांच्या परडीचं चित्र टाकायचो. पण हा माहितीपट देशभर दाखवून झाला होता. काकूंना मात्र वाटत होतं की तिथून ते पाणी काढलं की ते सांडलंच नाही असं होईल. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला नाही म्हणवेना. मी "बघतो" म्हणालो.

त्या गेल्यावर मी समोरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि साहेबांनी दिलेल्या नंबरवर फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा साहेबच आले. मी त्यांना सगळं सांगितलं. कांदा, जाऊ, नऊ महिन्यांचं ट्रेनिंग, पोरगी, चहा. मधे एकदाही त्यांनी मला तोडलं नाही. मग ते म्हणाले, "तब क्यों नहीं बताया?"

लाज वाटली, असं मी म्हणालो.

ते म्हणाले, गेलेल्या प्रती मी परत आणू शकत नाही, पण यापुढे जी प्रत निघेल तिच्यातून तो शॉट काढतो, माझा शब्द. मग म्हणाले, तो दुसरा मुलगा, हसणारा, तो मी खाली उतरलो त्यानंतर चार दिवसांनी गेला. काकूंनी त्याला जेवायला बोलावलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता त्याच्या घरून कॅसेट मागितली आहे. त्याचं हलतं-बोलतं असं दुसरं काही त्यांच्याकडे नाही.

आणि काकूंचा मुलगा? ते म्हणाले, मी निघालो तेव्हा ठीक होता, त्यानंतरचं मला माहीत नाही, चौकशी करतो.

मी फोन ठेवला. बूथमधल्या काचेत माझं तोंड दिसत होतं, ते मला बघवेना.

पुढचे दोन महिने प्रत्येक बाजाराच्या दिवशी काकू येत. दहा मिनिटं बसत. "निंगालं का ते?" असं विचारत. "निघालं काकू, साहेबांनी काढलं," असं मी सांगत असे. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. "मंग आता येईन पत्र," असं त्या म्हणत आणि पिशवी उचलत. हसणाऱ्या पोराचं मी त्यांना सांगितलं नाही. त्याच्यासाठीसुद्धा त्यांनी डोळे कोरडे ठेवले असते आणि ते मला पाहायचं नव्हतं. खरं सांगायचं तर माझी हिंमत झाली नाही.

या दिवसांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. देवाधर्माचं मला कधी फारसं नव्हतं, आमच्या घरी ते खातं आईकडे होतं. पण पोस्टमन गल्लीतून गेला की मी त्याला विनाकारण विचारायचो, डोंगराकडचं टपाल सुरू झालं का म्हणून. तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघायचा. तुळशीचं लग्न झालं आणि लग्नं सुरू झाली. पहिल्याच बिदाईत आई कोरडी उभी होती. मी सवयीने बॅटरी काढली, तिच्याजवळ गेलो आणि वाकलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काकू, पाणी देऊ का?" ती पेलाभर पाणी प्यायली. ती कॅसेट पाहून लोक म्हणाले, मजा नाई आली. त्यानंतर तो प्रश्न मी कोणालाही विचारला नाही. हळूहळू माझ्याकडची लग्नं दुसऱ्यांकडे जाऊ लागली.

थंडी चांगली पडल्यावर एक दिवस जामहून एक ट्रकवाला दुकानात निरोप घेऊन आला. काकूंचा निरोप होता. लेकाचा फोन आला, परवा सकाळी येतो, कॅमेरा घेऊन येजो. मी त्या ट्रकवाल्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला.

जामच्या फाट्यावर मी पोचलो तेव्हा काकू आणि काका आधीच येऊन उभे होते. काकांनी धुतलेली टोपी घातली होती. काकूंनी मुलीच्या लग्नातलं लुगडं नेसलं होतं.

"पुरं घेजो," त्यांनी मला बजावलं. "तो गाडीतून उतरला तवापासून. तुह्या त्या पिक्चरमंदी मी रडली येवढंच हाय. तो आला, हे बी पाह्यजे ना त्याच्यात."

मला त्यांचा हिशेब पटला. मी कॅमेरा खांद्यावर घेतला. नागपूरकडून दोन बस आल्या, त्यांत तो नव्हता. काकू दर वेळी दाराकडे पाहत आणि दर वेळी काका टोपी काढून परत घालत. तिसऱ्या बसमधून आधी एक पत्र्याची पेटी उतरली आणि मागून तो. फिल्ममध्ये पाहिलेल्यापेक्षा निम्मा झाला होता. ओठ फुटले होते, गालांची कातडी काळी पडून निघत होती. काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आज तरी स्वेटर सुलटं हाय," त्या म्हणाल्या. डोळे पूर्ण कोरडे. मी मनात म्हणालो, वा काकू.

तो वाकून पाया पडला. उठताना काकूंनी त्याच्या मागे पाहिलं, बसच्या दाराकडे. बस निघालीसुद्धा होती.

"अन् तो? फाकल्या दाताचा? त्याले नाई आनलं? मी साहेबाजवळ निरोप धाडला होता."

तो अर्धा उठलेला तसाच राहिला. मग परत खाली बसला, पेटीच्या बाजूला, धुळीतच, आणि आईच्या पायाशी डोकं लावून रडायला लागला. पंचविशीतला गडी, फाट्यावर, हॉटेलातली माणसं बघत असताना. त्याचा आवाज फार वेगळा निघत होता. आत इतके महिने दाबून ठेवलेलं बाहेर येताना कुठेतरी अडकत होतं.

आणि मी काय केलं? मी एक गुडघा टेकला आणि झूम केलं. डोक्याने काही ठरवायच्या आधी हाताने केलं. वीस वर्षं झाली तरी मी हे विसरू शकत नाही की माझ्या बोटाने तेव्हा झूम केलं होतं.

पडदा एकदम काळा झाला. काकूंनी लेन्सवर तळहात ठेवला होता. दुसरा हात लेकाच्या डोक्यावर होता.

"हे नोको घेऊ, भाऊ," त्या म्हणाल्या. "हे त्याचं हाय."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. मी कॅमेरा बंद केला आणि टोपण लावलं.

गावापर्यंत आम्ही एका भाड्याच्या जीपने गेलो. तो खिडकीशी बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच ना ते लाइटवाले? पिक्चर पाह्यला आम्ही वर. उशिरा पाह्यला, कॅशेट आली होती." मी नुसती मान हलवली. काकू पुढच्या सीटवर होत्या, त्यांची मान जरा मागे वळली.

"सारे गप्प बसले होते," तो म्हणाला. "मले मने, तुही माय तुह्यासाठी रडून राह्यली. मी मनलं, छट. माह्यासाठी नाई, ताईसाठी रडून राह्यली."

"तुले कसं समजलं?" काकूंनी विचारलं.

"तू चुलीकडे पाहत होती. चुलीपाशी ताई बसे. मी कधी बसलो चुलीपाशी? माह्यासाठी रडली असती तं दाराकडे पाह्यलं असतं." मग तो म्हणाला, "अन् माह्यासाठी तू रडतच नाई. कांदे बंद करते."

काकूंनी मान पुढे वळवली आणि घर येईपर्यंत रस्त्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या पाठीवरून मला एवढंच दिसलं की खांदे खाली आले होते, बाजाराची जड पिशवी टेकवल्यावर येतात तसे.

घरी गेल्यावर लेक न्हाणीत गेला. काका पेटी आत ठेवत होते. जाऊबाई सवयीने कांदे घेऊन चिरायला बसल्या होत्या, वांग्याची भाजी करायची होती. काकू आत आल्या, त्यांनी जावेला उठवलं, स्वतः विळीवर बसल्या आणि कांद्याची टोपली पुढे ओढली. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"तो तुहा कॅमेरा चालू कर आता," त्या म्हणाल्या. "हे माह्यं हाय. हे घे."

मी टोपण काढलं. हॅलोजन लावलाच नाही, दारातून येत होता तेवढा उजेड पुरेसा होता. त्यांनी पहिला कांदा सोलला, विळीवर धरला आणि चिरला. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, त्यांनी पदर लावला नाही की तोंड फिरवलं नाही. मधेच एकदा त्यांनी हुंदका दिला, तो मात्र कांद्याचा नव्हता. न्हाणीतून लेकाच्या अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, पुरे व बाई. काकू ऐकत नव्हत्या.

ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. त्या दिवशी काकूंनी एकामागून एक अकरा कांदे चिरले. भाजीला दोनच लागणार होते.